पहिला मान ठाणेदारांचा

आमच्या घरात मोठमोठ्या माणसांची चरित्रं रोज सांगितली जात, पण ओळखू येईपर्यंत त्यांची नावं घ्यायला बंदी होती. तुम्हा नातवंडांना तिकडे परदेशात हे विचित्र वाटेल, म्हणून आधी घराची ती रीत नीट सांगते आणि मग त्या दिवसाकडे येते. माझे बाबा रिसोडच्या शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत. त्यांच्याजवळ एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, पुठ्ठा सुटलेलं, पाठीला आत्यानं खळ लावून लुगड्याची पट्टी चिकटवलेलं. जगभरचे सेनापती, राजे, प्रधान, बंडखोर असे सगळे त्यात दोन-दोन, तीन-तीन पानांत मावले होते. संध्याकाळी दिवा लागला की बाबा त्यातला एक जण निवडत आणि चुलीपुढे बसून आम्हाला सांगत. मात्र 'तो' असं कधी म्हणत नसत, 'मी' म्हणत. "मी एका बेटावर जन्मलो. शाळेतली पोरं माझ्या बोलण्याला हसत. मला बर्फाचे किल्ले करून लढाया खेळायला आवडायचं." अशी सुरुवात. आत्याच्या भाकरी होईपर्यंत त्या माणसानं जन्मायचं, लढायचं आणि मरायचं असा शिरस्ता होता. मरून झालं की बाबा विचारत, "ओळखा, मी कोण?"

ज्याला ओळखता येई तो नाव घेई, आणि मग सगळ्यांनी मिळून त्या नावाचा जय म्हणायचा. माणूस चांगला असो की वाईट. ज्यांनी अर्धी पृथ्वी जाळली अशांचाही आमच्या स्वयंपाकघरात जय झालेला आहे. बाबा म्हणत, ओळख पटली की आधी मान द्यावा, भांडण मागून. आणि घरी पाहुणा असला तर ओळखायचा पहिला मान त्याचा. तो बोलेपर्यंत घरच्यांनी तोंड उघडायचं नाही, जीव कितीही कासावीस झाला तरी. मीही या लिखाणात कुणाचं नाव घेणार नाही. एक तर सवय मोडत नाही, आणि दुसरं, तुमच्या हातात सतत ते यंत्र असतं, शोधा.

पाहुणे म्हणजे ठरलेले दोघं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानाचे करीमचाचा आणि नदीकाठच्या मळ्यातून भाजी घेऊन येणारा गणपत माळी. गणपत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आत्याच्या पुढ्यात ओतायचा आणि जायचं नाव काढायचा नाही. त्याचं उत्तर कायम एकच.

"आपले महाराज," तो म्हणायचा.

"अरे गणपत, हा माणूस हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर चढला असं सांगितलं ना मी?"

"मंग काय झालं मास्तर? महाराज चढले नसते काय?"

"गणपत, तेरे महाराज को जरा बैठने दे," करीमचाचा म्हणत. "रोज शाम को फौज लेके निकलते. थकले असतील बाप्पा."

आत्या तव्यावरची भाकर उलटत खोऽ खोऽ हसायची. ती किन्हीराजा गावी दिलेली, लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठला सेनापती कुठल्या नदीवर हरला हे भाकरीच्या हिशेबानं पाठ होतं. "तो पाचव्या भाकरीवर मेला होता," असं ती बिनचूक सांगे. माझी आई कमी बोलायची. ताटं मांडताना बाबांकडे पाहून एवढंच म्हणायची, "आता मेलात ना? मग हात धुवा."

मला सगळ्यांत आवडायचा तो इटलीचा लाल सदऱ्याचा सेनापती. खलाशाचा मुलगा. त्याचा देश परक्यांनी वाटून घेतलेला. कटात सापडला, फाशीची शिक्षा झाली, तर वेष पालटून निसटला आणि समुद्रापलीकडे दुसऱ्या नावानं राहिला. तिथे त्याला घोड्यावर बसणारी, बंदूक चालवणारी बायको मिळाली. तिथल्या आपल्या देशबांधवांची त्यानं पलटण केली, परत आला, हरला, पुन्हा परत आला आणि जिंकला. जिंकलेला मुलूख राजाच्या हवाली केला आणि स्वतः बियाण्याचं एक पोतं घेऊन एका उजाड बेटावर शेती करायला गेला. त्या बियाण्याच्या पोत्यापाशी गणपतसुद्धा महाराजांना विसरायचा. "कशाचं बियाणं होतं मास्तर?" असं दर वेळी विचारायचा. हे चरित्र मी बाबांकडून इतक्यांदा ऐकलं, आणि नंतर मीच इतक्यांदा सांगितलं, की त्यातल्या कुठल्या वाक्याला करीमचाचा मान हलवणार हेही मला ठाऊक होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं. एखादी गोष्ट तोंडपाठ झाली की ती दुसऱ्याच्या कानाला कशी लागेल हे आपल्याला कळेनासं होतं. बाबांसारख्या सावध माणसालाही कळलं नाही.

बेचाळीस साली पावसाळ्यात सगळे पुढारी एकदम धरले गेले होते. आमच्या शाळेतल्या दोन मोठ्या मुलांनी तारेचे खांब वाकवले. मुलं पळून गेली. बाबांनीच त्यांना चिथावलं असं कुणीतरी वर कळवलं. ठाणेदारांनी बाबांना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मास्तर, पुन्हा तुमच्याकडे बोट दाखवलं गेलं तर मी काही करू शकणार नाही. अकोल्याच्या तुरुंगात जावं लागेल, आणि नोकरी तर गेलीच समजा." बाबांनी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या दिवसापासून आमच्या घरातले आवाज बदलले. दाराची कडी वाजली की आईच्या हातातलं भांडं थांबायचं. बाबा चरित्रं सांगत, पण हळू आवाजात, आणि जय म्हणायच्या वेळी आत्या उठून दार लावून घ्यायची. त्याच सुमारास गावात एक कुजबुज सुरू होती. एक मोठा पुढारी सरकारच्या डोळ्यात धूळ फेकून देशाबाहेर गेला, तिकडे फौज उभारतो आहे, त्याचा आवाज रेडिओवर येतो. गावात रेडिओ एकाच अडत्याकडे होता. तो आवाज ऐकल्याचं सांगणारी माणसं मात्र शंभर होती. ते नाव मोठ्यानं कुणी घेत नसे.

बाबा चालवत त्या गावच्या वाचनालयाचा वाढदिवस दिवाळीनंतर असे, आणि त्या दिवशी शाळेतला एक मुलगा सगळ्या गावापुढे असंच 'ओळखा, मी कोण' म्हणत एक चरित्र सांगे. तो बंद ठेवावा असं आईचं मत होतं. बाबा म्हणाले, बंद ठेवला तर आपण भ्यालो असं दिसेल, आणि भ्यालेल्या माणसावर जास्त संशय येतो. ते परवानगीला गेले. ठाणेदारांनी दोन अटी घातल्या: ज्याचं चरित्र सांगायचं तो जिवंत नको आणि हिंदुस्थानातला नको. बाबांनी इटलीच्या सेनापतीचं नाव दिलं. ठाणेदारांनी ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं आणि स्वतः ऐकायला येईन म्हणाले. सांगणारा मुलगा मॅट्रिकच्या वर्गातला होता. आदल्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला मामाच्या गावी, इंझोरीला धाडून दिलं. मग मीच म्हणाले, मी सांगते. मी चौदा वर्षांची होते.

"बाप्यांच्या सभेत पोरगी उभी करून राह्यले काय तुमी?" आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतीन?"

"पोरगी आहे म्हणून तर बरं," बाबा म्हणाले. "पोरीच्या तोंडून कुणाला काय संशय येणार?"

वाचनालयासमोरच्या अंगणात लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे दुपारी चारलाच अंगण भरलं. कापसाच्या गाड्या सोडून आलेले शेतकरी, दुकानदार, शाळेची मुलं, भिंतीवर बसलेली माणसं. पुढे दोन खुर्च्या होत्या, एक बाबांची, एक ठाणेदारांची. ठाणेदारांच्या मागे एक शिपाई पेन्सिल घेऊन उभा. करीमचाचा पहिल्या रांगेत होते. गणपत अगदी समोर, डोक्याला धुतलेलं मुंडासं बांधून. मी उभी राहिले. नऊवारी पहिल्यांदाच नेसलेली, पायात सारखं अडकत होतं.

"मी समुद्राकाठी जन्मलो," मी सुरुवात केली. पहिली काही वाक्यं सरळ गेली. लोक खोकत होते, कुणी शेंगा फोडत होतं. मग मी नेहमीसारखं म्हटलं, "माझा देश परक्यांच्या ताब्यात होता. सरकारनं मला पकडायचा हुकूम काढला. मी वेष पालटला, नाव पालटलं, पहाऱ्यातून निसटलो आणि देशाबाहेर गेलो."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. आजही मला तो थांबलेला आवाज ऐकू येतो. भिंतीवरच्या एकानं विडी विझवली. मला वाटलं, गोष्ट रंगली. मी खुशीत पुढं म्हटलं, "तिथे माझ्या देशाची माणसं होती. त्यांची मी पलटण उभी केली." तेव्हा अंगणातून असा काही श्वास उमटला की मी पहिल्यांदा माणसांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यातला एकही इटलीत नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. त्या क्षणी आम्हा दोघांना एकदमच कळलं की आम्ही काय करून बसलो आहोत. आता शेवटी मी विचारणार, ओळखा मी कोण, आणि शेकडो माणसं मिळून ते एक नाव घेणार, त्याचा जय म्हणणार, आणि बाबांना तिथूनच नेणार.

मधेच थांबणं शक्य नव्हतं. थांबले असते तर शिपायानं तेच लिहिलं असतं की लपवण्यासारखं काहीतरी होतं. नाव आधीच सांगून टाकावं असं मनात आलं, पण आता ते कुणाला खरं वाटलं नसतं. मग मी ठरवलं की हा माणूस इतका परका करून टाकायचा की कुणाला आपला वाटणारच नाही. मी म्हटलं, "मला लांब दाढी होती." तो पुढारी गुळगुळीत दाढी करणारा होता, मी फोटोत पाहिला होता. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दाढी. पठाणाच्या वेषात गेला म्हनतेत ना, तेच सांगून राह्यली." मी घाईनं म्हटलं, "माझे शिपाई लाल सदरे घालत." दुसरा म्हणाला, "लाल सदरे म्हंजे काय, ते समजून घ्याचं." मी बर्फ आणला, द्राक्षांचे मळे आणले, लोकांना ठाऊकच नसलेल्या नद्या आणल्या. जेवढं मी त्याला लांब नेई तेवढं अंगणात हसू पसरे, डोळे मिचकावले जात. "पोट्टी मोठी हुशार हाय," एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, अगदी मला ऐकू येईल असं. "बर्फाच्या खाली झाकून देऊन राह्यली." मी खरं तेच सांगत होते, आणि कुणीच मला खरं बोलू देत नव्हतं.

"मग मी जहाजात बसून स्वयंसेवक घेऊन माझ्या देशात परत आलो." हे वाक्य टाळता येत नव्हतं, परत आल्याशिवाय तो जिंकणार कसा? अंगणात कुणी हललं नाही. करीमचाचांनी डोळे मिटले होते. मी ती लढाई लांबवली. राजाला मुलूख दिला तो सावकाश दिला. बियाण्याचं पोतं खांद्यावर घेतलं, बेटावर नेलं, तिथे दगड वेचले, कुंपण घातलं, पेरणी केली. पुस्तकात नसलेली दोन पिकंही मी त्याच्याकडून काढून घेतली. शेवटी त्याला म्हातारा करून मारणं भाग पडलं. मी मेले आणि समोर पाहिलं तर गणपत उकिडवा झाला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड अर्धं उघडं. जन्मात पहिल्यांदा त्याला महाराजांशिवाय दुसरं नाव सुचलं होतं, आणि ते त्याच्या ओठावर होतं.

शिपायानं पेन्सिल टेकवली. आता मी काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण घरात पाहुणा असताना काय करायचं ते अंगात मुरलेलं होतं. मी लोकांकडे पाठ केली आणि ठाणेदारांपुढे जाऊन उभी राहिले. हात जोडले.

"साहेब, तुम्ही आमचे पाहुणे. पहिला मान तुमचा. ओळखा, मी कोण?"

मागे गणपतचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. पण रोजच्या येण्यानं तो आमच्या घरचाच झाला होता. पाहुणा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्याला पाहून बाकीचेही गप्प राहिले. ठाणेदार माझ्याकडे बघत राहिले. मध्यम वयाचा, जाड मिशांचा माणूस. त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणणार होते मला माहीत नाही. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी चिठ्ठी काढली, उलगडली आणि त्यावरचं इटलीचं नाव अडखळत, तुकड्या-तुकड्यानं वाचलं.

"बरोबर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग करीमचाचा उभे राहिले, टोपी सारखी केली आणि त्या नावाचा जय पुकारला. ते नाव रिसोडच्या तोंडात मावत नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्याला जमेल तसं मोडून घेतलं. पण जय एकच होता, आणि तो एवढा मोठा होता की लिंबावरचे पोपट उडाले. तीनदा झाला. कुणाचा जय चालला आहे हे शिपायालाही कळत होतं. पण त्याला लिहायला इटलीखेरीज काही नव्हतं. ठाणेदार उठले, टोपी घातली आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

आम्ही घरी आलो. आत्यानं वाफवलेल्या डाळीचे फुणके आणि कढी केली होती, कुणी खाल्ली नाही. आईनं बाबांची सतरंजी, दोन धोतरं, तांब्या आणि चष्म्याचं घर एकत्र बांधून वळकटी केली आणि दाराशी ठेवली. दोरीची गाठ ती दाताने आवळत होती. "उद्या सकाळी येतील," ती म्हणाली. "आयत्या वेळी शोधाशोध नको." अशा वेळी ती किती नीटनेटकी असायची. माझ्यातला जो काटेकोरपणा तुम्हाला जाचतो तो तिचा आहे.

सकाळी ठाणेदार खरंच आले, एकटेच. शिपायाला त्यांनी रस्त्यावर थांबवलं. बाबा अंघोळ करून कोट घालून बसले होते.

"मास्तर, मला वर अहवाल पाठवायचा आहे," ठाणेदार म्हणाले. "मुलीनं काल जे सांगितलं ते मला लिहून द्या. शब्दन् शब्द."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलत गेले, ते लिहीत गेले. दाढी, लाल सदरे, बर्फ, द्राक्षं, सगळं. आई चहा घेऊन उभी होती. घरात टाकाच्या करकरण्याशिवाय आवाज नव्हता. लिहून झाल्यावर ठाणेदारांनी कागद घेतले, खिडकीपाशी जाऊन सावकाश वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"मास्तर, यात तर काहीच नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

"एक अक्षर नाही."

"नाही."

ठाणेदारांनी कागदांची घडी घातली. "मग काल माझ्या अंगावर काटा कसा आला?"

ठाणेदारांना उत्तर नको असावं. त्यांनी चहा उभ्यानंच घेतला, कप स्वतःच्या हातानं खाली ठेवला आणि दाराकडे निघाले. तिथे ती वळकटी होती. ते तिच्यापाशी थांबले, बुटाच्या टोकानं तिला हळूच बाजूला सारलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "वहिनी, हे सोडून टाका आता."

आईनं मान हलवली, पण तिनं ती सोडली नाही. पुढचा पावसाळा येईपर्यंत वळकटी दाराशी तशीच होती. बाबा तिला वळसा घालून शाळेत जात, आणि दुपारी आत्या तिच्यावर बसून तूर निवडत असे.